‘झालं समज’ म्हणणारा सरपंच

ज्या माणसाचं गावात कुणाशीच वाकडं नाही, त्याच्यापासून चार हात लांब राहावं, हे मी त्र्यंबकनानाला पाहून शिकलो. गावात तोंडावर त्याला सगळे अहो-जाहो करतात. समोर मीही तेच केलं. माझं मंडप आणि साऊंडचं दुकान होतं आणि नाना आल्याशिवाय गावात एकही माईक चालू होत नव्हता. पण इथं लिहिताना मी त्याला अरे-तुरेच करणार आहे. तेवढी मोकळीक मला घेऊ द्या.

आमचं गाव माजलगावच्या धरणाच्या वरच्या अंगाला. माळवदावर उभं राहिलं की धरणाचं पाणी चकाकताना दिसतं, आणि चैत लागला की त्याच गावात टँकर येतो. दसरा झाला की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं. अशा गावाचा नाना पाच वर्षं सरपंच होता. मी सांगतोय ती गोष्ट तो दुसऱ्यांदा उभा राहिला त्या हिवाळ्याची.

नाना उंच, नाकेला. कपडे पांढरेशुभ्र. खिशात दोन रुमाल, एक घामासाठी आणि एक डोळ्यांसाठी. रडायचं कसं, हे त्याच्याकडून शिकावं. हुंदका नाही, आवाज नाही. नुसते डोळे भरायचे आणि बरोबर पापणीच्या काठावर थांबायचे. मयतीला तो घरच्यांच्या आधी हजर. तिरडीला पहिला खांदा त्याचा. लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत हातात बुंदीचं ताट घेऊन वाढणार. कुणाची म्हैस कितव्या वेताची, कुणाच्या सुनेचं माहेर सिरसाळ्याकडचं आणि कुणाच्या सुनेचं पालीकडचं, सगळं तोंडपाठ. दुपारच्याला एखाद्या दारात उभा राहून म्हणायचा, “भाकर हाय का गं माय? लई भूक लागली.” ती बिचारी लगबगीनं चतकोर भाकर आणि ठेचा आणून द्यायची. तो ओट्यावरच बसून खायचा आणि पुढचे आठ दिवस ती बाई नळावर सांगत राहायची, “सरपंच आमच्या वट्यावर बसून जेवला.” नळावर म्हणजे कोरड्या नळावर. बाया तिथं टँकरची वाट बघत बसायच्या.

त्याचा एक शब्द होता. कुणी काहीही मागा, रस्ता, खांबावरचा दिवा, पोराला नोकरी, तो खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “झालं समज.” माणूस खूश होऊन घरी जायचा. आमच्या गावात गेल्या पाच वर्षांत जे जे झालं ते असं समजुतीतच झालं. गटारी समजुतीत, पाण्याची टाकी समजुतीत. आणि गावाची समजूत इतकी चांगली की टाकी दिसत नाही म्हणून कुणी तक्रार केली नाही.

एकदा आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचा दहावा होता. नदीकाठी पिंड ठेवलेलं, आणि कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं. घरच्यांनी मनातल्या मनात म्हातारीला हजार वचनं दिली, भटजींनी दोनदा पाणी शिंपडलं. कावळे समोरच्या बाभळीवर बसून बघताहेत, खाली येत नाहीत. माणसं कंटाळली. तेव्हा नाना पुढं झाला. टोपी काढली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, “म्हातारे, तुझा जीव नातवात अडकला, मला ठावं हाय. त्याच्या नोकरीचं माझ्याकडं लागलं. झालं समज.”

आणि कावळा आला. खरंच आला. माणसांच्या अंगावर काटा उभा राहिला. तिथून गावभर झालं की, मेलेलं माणूससुद्धा नानाच्या शब्दावर इसवास ठेवतं. कावळ्याचं मी समजू शकतो. त्याला भूक लागलेली होती. नातू मात्र अजून पानटपरीवर बसतो आणि नानाच्या वाढदिवसाचा बॅनर दरवर्षी तोच लावतो.

आता उपकेंद्राचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नानाच्या पहिल्या टर्ममध्ये गावाला आरोग्य उपकेंद्राची इमारत मिळाली. ती त्यानं आणली असं सगळे म्हणत, तोही म्हणायचा. उद्घाटनाला मंडप माझाच होता. फीत कापली, नारळ फुटला, नानाचे डोळे भरले. “आता माझ्या एकाबी लेकीला बाळंतपणासाठी माजलगावला जावं लागणार न्हाई,” असं तो माईकवर म्हणाला तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. चार-सहा महिने सिस्टर तिथं बसली. मग नानाच्या पोराला सोयाबीन ठेवायला जागा कमी पडली. ‘भाव येईस्तोवर’ म्हणून पोती आत गेली, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली नानाच्या घरी गेली. सिस्टर यायची ती अंगणवाडीच्या ओसरीत बसून लसी टोचायची आणि दुपारच्या बसनं परत जायची.

हे विचारणारा गावात एकच माणूस निघाला. भास्कर. डिप्लोमा करून पुण्यात कंपनीत होता, बाप वारल्यावर शेती बघायला परत आला. हुशार, सरळ, आणि माणसांत बसला की काठीसारखा ताठ. कुणाच्या मयतीला गेला तर काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही, म्हणून तो जायचाच नाही. ग्रामसभेत तो कागद घेऊन उठला आणि म्हणाला, “सरपंच, उपकेंद्राला कुलूप का आहे, याचं उत्तर पाहिजे.”

नाना सावकाश उठला. भास्करच्या अंगावरून नजर फिरवली, बापानं पोराकडं बघावं तशी. “देतो ना उत्तर. तुला न्हाई तर कुणाला देऊ? पर आधी सांग, मायच्या गुडघ्याचं कसं हाय?”

भास्करची आई बायांत बसली होती. ती भाबडेपणानं म्हणाली, “बरं हाय, नाना. तुमी आणलेलं तेल लावते की.”

सभा हसली. भास्कर कागद हातात धरून उभाच होता. “विषय तो नाही,” तो म्हणाला.

“मायचं दुखणं इषय न्हाई?” नानानं सगळ्यांकडं बघत विचारलं. “बघा बाबांनो. आमच्या येळंला माय हाच इषय असायचा.”

सभा संपली. कुलपाचं उत्तर ना नानानं दिलं, ना परत कुणी मागितलं. बाहेर पडताना लोक म्हणत होते, “शिकलं लई, पर माणसात बसायला शिकलं न्हाई.”

निवडणूक लागली ती ऐन थंडीत. निम्मं गाव ऊस तोडायला गेलेलं. भास्कर उभा राहिला. त्यानं घरोघरी एक नकाशा वाटला, पाइपलाइन कुठून येईल, टाकी कुठं बसेल. नकाशा चांगला होता. बायांनी तो फळीवर डब्यांखाली अंथरला. त्याच्या सभेला साऊंड माझाच होता. तासभर तो घनमीटर आणि उतार सांगत राहिला, आणि समोर बसलेल्या माणसांनी बसल्या जागी तंबाखू मळून संपवला.

नानानं सभा घेतलीच नाही. तो माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसायचा आणि ऊसतोडीवर गेलेल्या माणसांना, मतदानाला या, गाडी पाठवतो, असे फोन लावायचा. फोन नेहमी स्पीकरवर. म्हणजे पलीकडचा माणूस काय म्हणतो ते आजूबाजूच्या दहा जणांना ऐकू जावं. अशाच एका फोनवर मी अनिताचा आवाज ऐकला.

अनिता आमच्याच गावची सून, बाळूची बायको. दोघं कोल्हापूरकडं ऊसतोडीच्या टोळीत होते. तिचे दिवस भरत आले होते. पहिली मुलगी उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झाली होती, आणि ते ती विसरली नव्हती. बाळूच्या हातातून फोन घेऊन ती म्हणाली, “नाना, गाडी पाठवताव तर येतो आमी. पर मला परत हितं यायचं न्हाई. बाळातपण गावात करायचं हाय. दवाखाना चालू हाय का आपला?”

“चालू?” नाना दुकानातल्या सगळ्यांकडं बघत म्हणाला. “आगं, तू गावात पाय ठेव, सिस्टर दारात उभी असंल. तू माझी लेक हायस. झालं समज.”

“नक्की ना?”

“माय, नानाचा शब्द हाय.”

फोन ठेवल्यावर डोळ्यांचा रुमाल बाहेर निघाला. “लेकरं लांब हायती,” तो म्हणाला. शेजारी बसलेल्या एकानं हळूच विचारलं, “नाना, दवाखान्यात तर पोती हायत ना?” नाना म्हणाला, “हालवू की.” आणि पुढचा नंबर लावला.

मतदानाच्या दिवशी सकाळी टेम्पो आले. ताडपत्रीखाली बाया-माणसं एकमेकांच्या अंगावर टेकून झोपलेली, लेकरांच्या नाकातोंडात धूळ. नाना हात जोडून उभा. एकेकाला नावानं हाक मारून खाली उतरवत होता, म्हाताऱ्यांना कवेत घेत होता. अनिताला दोघींनी धरून उतरवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “सिस्टर कुठं हाय?” तिनं विचारलं. “येते, येते. आधी मत टाकून घे, मग निवांत,” नाना म्हणाला.

तिला शाळेतल्या रांगेतच कळा सुरू झाल्या. मी शाळेसमोर दुकानाच्या पायरीवर होतो, सगळं माझ्यासमोर झालं. बायांनी तिला उचललं आणि शाळेला लागूनच असलेल्या उपकेंद्राकडं नेलं. कुलूप. मतदानासाठी म्हणून सिस्टरची ड्यूटी त्या दिवशी गावातच होती, ती पिशवी घेऊन पळत आली. एकजण नानाकडं किल्लीसाठी धावला. नानानं खिसे चाचपले. “किल्ली पोराकडं हाय. पोरगं माजलगावला गेलंय फटफटी घेऊन. आत्ता बोलावतो.” त्यानं फोन लावला. पोरगा फोन उचलंना.

तेवढ्यात भास्कर आला. त्यानं बाजूचा दगड उचलला आणि तीन-चार घावांत कुलूप तोडलं.

दार उघडलं तर आत छताला लागलेली सोयाबीनची पोती. बाळंतपणाच्या टेबलावरही पोती. एक उंदीर पायांवरून पळाला. आतून कोंदट, आंबूस वास आला. बाया दारातच थांबल्या. अनिता भिंतीला टेकून उभी होती. तिनं आत बघितलं आणि डोळे मिटून घेतले. एका म्हातारीनं मात्र तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, “आरं देवा, ह्यो दवाखाना?”

मागून नाना आला. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. मला वाटलं, संपला. आता ह्याला कुणी वाचवत नाही.

नानानं आत पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. “कुणी ठेवली ही पोती?” तो ओरडला. “माझ्याच पोरानं माझी मान कापली रं! ह्याला मी घरात घेणार न्हाई!” डोळे भरले, या वेळी काठावर थांबले नाहीत, वाहिले. मग त्यानं स्वतःची पांढरी गाडी दारापर्यंत मागं घ्यायला लावली, अनिताला हातांवर उचललं, दोन बाया आणि सिस्टर मागं बसल्या, बाळूला पुढं ओढलं आणि स्वतः दारात लटकल्यासारखा बसला आणि गाडी माजलगावच्या रस्त्याला लागली.

धूळ खाली बसायच्या आत गावाचं मत ठरलं होतं.

“बघितलं? ऐन मतदानाचा दिवस सोडून गेला.”

“दुसरा आसता तर आधी मतं मोजत बसला आसता.”

“पोराच्या चुकीला बापानं काय करावं बे?”

भास्कर हातात दगड घेऊन तसाच उभा होता. कुणीतरी बंदोबस्तावरच्या पोलिसाला सांगितलं की ह्यानं सरकारी कुलूप फोडलं. पोलिसानं त्याला शाळेच्या पडवीत नेऊन बसवलं आणि जबाब घ्यायला इतका वेळ लावला की दुपार टळून गेली. रांगेतली माणसं त्याच्याकडं बोट दाखवून म्हणत होती, “दगड उचलायचं लगेच सुचलं बघा ह्याला.” पोत्यांबद्दल कुणी बोलंना. पोती तर समोरच होती, दार सताड उघडं होतं, येता-जाता शेळ्या आत तोंड घालून सोयाबीन खात होत्या.

वाटेत, गाडीतच, बाळ झालं. मुलगा होता. रडला नाही. सिस्टरनं होतं तेवढं केलं. ती मला पुढं एकदा म्हणाली, “टेबल मोकळं असतं, सामान हाताशी असतं, तर निदान प्रयत्न तरी करता आला असता. हलत्या गाडीत काय करणार?” हे तिनं फक्त मला सांगितलं असं नाही. बऱ्याच जणांना सांगितलं. ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

अनिताला दवाखान्यात ठेवून नाना परत आला तेव्हा मतदान संपायला घटकाभर वेळ होता. सोबत बाळूला आणला होता. बाळूचं मत राहिलं होतं. बाळू गाडीतून उतरला, त्याला दोघांनी धरून शाळेत नेलं, त्याच्या बोटाला शाई लागली आणि तो बाहेर येऊन शाळेच्या भिंतीपाशी उकिडवा बसला. नानाचा पांढरा सदरा रक्तानं डागाळलेला होता. मी म्हणालो, “नाना, घरी जाऊन कपडे बदलून या.” तो म्हणाला, “आता कपड्याचं काय घेऊन बसलास?” आणि तसाच, त्याच सदऱ्यात, शाळेकडं जाणाऱ्या वाटेवर उभा राहिला. कुणाला मत मागितलं नाही. हात जोडून नुसता उभा. ज्यांनी सकाळी टाळाटाळ केली होती, त्यांनीही त्या सदऱ्याकडं बघितलं आणि आत गेले.

त्या संध्याकाळी गावात एकच वाक्य घुमत होतं. “नाना होता म्हणून बाई तरी वाचली.”

तो निवडून आला. पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त मतांनी. तहसीलवरून मिरवणूक निघाली. गावाच्या वेशीवर जेसीबीच्या सोंडेतून गुलाल उधळला. डीजे माझाच होता, मी मागं गाडीवर मशीनपाशी बसलेलो. मिरवणूक बाळूच्या गल्लीच्या तोंडाशी आली तसा नानानं हात वर केला आणि मला खूण केली. मी आवाज बंद केला. एकदम शांतता. नाना उघड्या जीपमधून खाली उतरला, गल्लीकडं तोंड करून हात जोडले आणि म्हणाला, “हितं वाजवू नका. सुतकाचं घर हाय.” माणसांनी माना खाली घातल्या. एका बाईला हुंदका फुटला. “केवढं मन हाय,” माझ्या शेजारचा म्हणाला.

नाना जीपमध्ये चढला, मिरवणूक पावलापावलानं पुढं सरकली. गल्ली मागं पडली. त्यानं माझ्याकडं न बघता दोन बोटं वर केली आणि हवेत गोल फिरवली. वाजव.

मी वाजवलं. वाजवायचंच काम होतं माझं.

उपकेंद्र रिकामं झालं. रंग दिला. नानाच्या नावाची पाटी बसली. सिस्टर महिनाभर आत बसली, मग तिची बदली झाली आणि दुसरी आली नाही. दाराला नवं कुलूप लागलं, पहिल्यापेक्षा दणकट. भास्करनं जमीन बटईनं दिली आणि पुण्याला परत गेला. त्याची आई गावातच आहे. नाना तिच्या ओट्यावर अधूनमधून बसतो.

पुढच्या वर्षी मी दुकान माजलगावला हलवलं. सामान नेत होतो त्याच दिवशी दसरा होऊन गेल्यावरची पहिली टोळी निघत होती. वेशीवर ट्रक उभा, वर भांडी, बाजलं, कोंबड्यांची डालगी, त्यावर माणसं. नारळ फोडायला नाना हजर. प्रत्येकाला नावानं हाक मारून तो काहीतरी सांगत होता. एका म्हाताऱ्याच्या हातात त्यानं गोळ्यांची पुडी दिली.

अनिता मागच्या फळीपाशी बसली होती, मुलीला मांडीत घेऊन. वाळली होती. नाना तिच्यापाशी गेला आणि मान वर करून म्हणाला, “अनिता, जपून ऱ्हा माय. काय लागलं तर फोन कर. तुझा नाना हितं बसलाय.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “नाना, आता मतदान कवा हाय?”

“मतदान? आत्ता कावून? त्येला लई वर्सं हायती आजून.”

“न्हाई, इचारलं. गाडी तवाच येती ना आमाला न्यायला.”

ट्रकाभोवतीची माणसं नानाकडं बघायला लागली. बाळूनं तोंड फिरवलं. मला वाटलं, आता तरी. पण नानानं डोकं मागं टाकलं आणि खदखदून हसला. “बघा रे, आमची लेक राजकारण शिकली!” मग सगळेच हसले, सुटल्यासारखे. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

ट्रक हलला. अनितानं पदर नाकावर ओढून घेतला आणि रस्त्याच्या पुढच्या बाजूला तोंड केलं. वळणावर ट्रक दिसेनासा होईपर्यंत नाना रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत होता. डोळे भरलेले होते. माझ्या टेम्पोत सामान चढवणारे दोघं थांबून त्याच्याकडं बघत होते, आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “आसा सरपंच मिळायचा न्हाई बे.”